कंटेनर इमेज आणि सुरक्षा पॅच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिनिंग कारखाने, केळी-व्यापाऱ्यांची कार्यालये, डाळ मिल, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्याकडील बरेचसे सॉफ्टवेअर आता डॉकरच्या कंटेनरमध्ये चालते. ते बसवून देणारा माणूस काम आटोपून निघून जातो आणि इमेज अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या गळ्यात पडते. अशा व्यक्तींनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. कंटेनर, इमेज, टॅग आणि रजिस्ट्री हे शब्द वाचकाच्या परिचयाचे आहेत, असे धरून चाललो आहे.

आम्ही इमेजमध्ये वर्षभर काहीच बदल केला नाही. मग ती असुरक्षित कशी झाली?

बदल केला नाही म्हणूनच झाली. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून डब्यात भरलेले बिबडे पावसाळ्यातील दमट हवेने सादळतात. इमेजचे तसे होत नाही, तिच्यातील एक अक्षरही आपोआप बदलत नाही. बदलते ते तिच्यात भरलेल्या सॉफ्टवेअरविषयी लोकांना असलेले ज्ञान. ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीपासून होता आणि तो जगजाहीर झाला ७ एप्रिल २०१४ रोजी. म्हणजे दोन वर्षे ज्या सर्व्हरकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते, तेच सर्व्हर एका दिवसात धोकादायक ठरले. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली होती, परंतु जुन्या आवृत्तीसह गोठवून ठेवलेल्या कोणत्याही संचात ती स्वतःहून शिरणार नव्हती. आजच्या कंटेनर इमेजचेही नेमके असेच आहे.

आमच्या सर्व्हरवर रोज रात्री अपडेट होतात. त्यात कंटेनरही आले ना?

नाही. सर्व्हरवरील उबुंटू किंवा डेबियन स्वतःची पॅकेजे अद्ययावत करते. इमेजच्या आतील पॅकेजांचा संच वेगळा असतो आणि सर्व्हरच्या पॅकेज व्यवस्थापकाला तो दिसतही नाही. एकाच यंत्रावर सर्व्हरचे ओपनएसएसएल आजचे आणि कंटेनरमधले तीन वर्षांपूर्वीचे, अशी स्थिती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कंटेनरला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतो. तो सर्व्हरचाच कर्नल वापरतो. मार्च २०२२ मध्ये उघड झालेला ‘डर्टी पाइप’ हा दोष कर्नलमधील होता, त्यामुळे इमेज कितीही ताजी असली तरी सर्व्हरचा कर्नल बदलून यंत्र पुन्हा सुरू करण्याला पर्याय नव्हता. कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या ‘रनसी’ या घटकाचेही तसेच. जानेवारी २०२४ मध्ये त्यात असा दोष सापडला की कंटेनरमधून थेट सर्व्हरच्या फाइलपर्यंत पोहोचता येत होते. ती दुरुस्ती रनसीच्या १.१.१२ या आवृत्तीत आली आणि ती सर्व्हरवर करायची होती, इमेजमध्ये नव्हे. तेव्हा दोन्हीकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते.

चालू कंटेनरमध्ये शिरून तिथेच अपग्रेडची आज्ञा दिली तर?

त्या क्षणापुरते काम झाल्यासारखे दिसेल. परंतु तो बदल कंटेनरच्या वरच्या तात्पुरत्या थरात राहतो, मूळ इमेज जशीच्या तशी असते, आणि कंटेनर काढून नव्याने उभा केला की सगळे पूर्वपदावर येते. पॅच लावणे म्हणजे इमेज नव्याने बांधणे आणि त्या नव्या इमेजवरून कंटेनर नव्याने उभा करणे. कंटेनरच्या जगात पॅच या शब्दाला दुसरा अर्थ नाही.

नवी इमेज बांधली, कंटेनर रीस्टार्टही केला. तरी स्कॅनर जुनेच दोष दाखवतो. असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे येथे थोडे थांबतो.

रावेर तालुक्यातील केळी खरेदीच्या एका कार्यालयात काटापावती छापणारे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालत असे. मी रात्री नवी इमेज बांधली, कंटेनर रीस्टार्ट केला, पावती नीट छापली जाते हे पाहिले आणि ‘पॅच लावला’ अशी नोंद वहीत करून घरी आलो. तीन आठवड्यांनी सहज चालू कंटेनरची यादी काढली, तर इमेजच्या रकान्यात नेहमीच्या नावाऐवजी बारा अक्षर-अंकांची अनाकलनीय ओळ होती. त्याचा अर्थ असा होता की ते नाव आता नव्या इमेजला चिकटले होते आणि कंटेनर मात्र नाव हरवलेल्या जुन्या इमेजवरच चालू होता. रीस्टार्ट केल्याने तोच कंटेनर बंद होऊन पुन्हा चालू होतो. तो कोणत्या इमेजवर उभा आहे, हे त्याने बदलत नाही. तीन आठवडे माझ्या वहीतली नोंद खोटी होती.

डॉकर कंपोज हे अनेक कंटेनर एकत्र चालवण्याचे साधन वापरत असाल तर ‘रीस्टार्ट’ ऐवजी ‘अप’ ही आज्ञा द्यावी. इमेज रजिस्ट्रीवरून येत असेल तर त्याआधी ‘पुल’ने ती उतरवून घ्यावी, आणि आपणच बांधत असाल तर ‘अप’ला ‘बिल्ड’चा पर्याय जोडावा. त्यानंतर चालू कंटेनरचा इमेज आयडी आणि नव्या इमेजचा आयडी प्रत्यक्ष जुळवून पाहावा. या जुळवणीला अर्धा मिनिट लागतो आणि आता ती केल्याशिवाय मी वहीत नोंद करत नाही.

आयडी जुळतो, इमेज आजच बांधलेली आहे, तरीही दोष तेच.

मग दोष कॅशचा, म्हणजे मागच्या बांधणीतून राखून ठेवलेल्या थरांचा, आहे. डॉकरफाईल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, हिच्यातील प्रत्येक ओळीचा डॉकर एक थर बनवतो आणि ती ओळ बदललेली नसेल तर मागच्या वेळचा थर उचलून लावतो. ‘पॅकेजांची यादी ताजी कर आणि अपग्रेड कर’ ही ओळ मागील वर्षी लिहिली असेल आणि तिच्यात एक स्वल्पविरामही बदललेला नसेल, तर डॉकरच्या दृष्टीने ते काम झालेले आहे. तो मागील वर्षीचाच थर आजच्या तारखेच्या इमेजमध्ये ठेवतो. म्हणून सुरक्षेसाठी बांधणी करताना ‘नो-कॅश’ हा पर्याय द्यावा. त्याच्या जोडीला ‘पुल’ हा पर्यायही हवा, कारण त्याशिवाय डॉकर आपल्या डिस्कवर आधीपासून असलेली जुनी बेस इमेजच, म्हणजे जिच्यावर आपली इमेज उभी असते ती मूळ इमेजच, वापरतो आणि रजिस्ट्रीवर नवी आली आहे का, हे विचारायलाही जात नाही.

यादी ताजी करणे आणि पॅकेज बसवणे ही दोन कामे दोन वेगळ्या ओळींत लिहिण्याची सवयही सोडावी. पहिली ओळ कॅशमधून आणि दुसरी नव्याने, असे झाले की जुन्या यादीवरून जुनेच पॅकेज मागितले जाते. दोन्ही कामे एकाच ओळीत, एकाला एक जोडून लिहावीत.

‘लेटेस्ट’ टॅग वापरला की काळजी मिटते का?

उलट वाढते. ‘लेटेस्ट’ हे केवळ एक नाव आहे. ते सर्वांत नव्या इमेजला लावलेलेच असेल अशी कोणतीही हमी डॉकर देत नाही, आणि आपल्या यंत्रावर ते नाव एकदा उतरवले की पुढील ‘पुल’पर्यंत ते त्या दिवसाचेच राहते. शिवाय एखाद्या सकाळी डेटाबेसची मुख्य आवृत्तीच बदलून येण्याची शक्यता असते.

दुसऱ्या टोकाला डायजेस्ट आहे. शा-२५६ पद्धतीने काढलेली ही चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ इमेजच्या आशयावरूनच ठरते, म्हणून तिने बांधलेली इमेज कधीच बदलत नाही. यात खात्री आहे, पण पॅचही आपोआप येत नाहीत. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट यांसारखे साधन नवा डायजेस्ट आल्याचे कळवत असेल आणि कोणीतरी ते वाचत असेल, तरच ही पद्धत निवडावी. न वाचल्या जाणाऱ्या सूचनांपेक्षा मधला मार्ग बरा असे माझे मत आहे : भाषेची आवृत्ती आणि डेबियनचे नाव दोन्ही टॅगमध्ये लिहावे, उदाहरणार्थ ‘पायथन ३.१२ स्लिम बुकवर्म’ (बुकवर्म म्हणजे डेबियन १२, स्लिम म्हणजे कमी पॅकेजांची छोटी इमेज), आणि दर आठवड्याला कॅशशिवाय बांधणी करावी. डेबियनचे नाव न लिहिता नुसते ‘स्लिम’ लिहिले, तर नवे डेबियन आल्यावर तेच नाव त्याच्याकडे सरकते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारे कुबरनेटीज वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट : टॅग ‘लेटेस्ट’ नसेल आणि आपण वेगळे काही सांगितले नसेल, तर नोडवर, म्हणजे त्यातील यंत्रावर, त्या नावाची इमेज असताना ती पुन्हा ओढली जात नाही. एकाच टॅगवर नवी इमेज चढवून पॉड (कंटेनरचा गट) पुन्हा सुरू करणाऱ्यांची फसगत येथेच होते. प्रत्येक बांधणीला नवा टॅग द्यावा.

बेस इमेज कोणती घ्यावी?

जिची मुदत संपलेली नाही अशी घ्यावी. बाकी सर्व दुय्यम आहे. मुदत संपलेल्या वितरणाची, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सच्या आवृत्तीची, इमेज रोज बांधली तरी पॅच येणार कुठून? डेबियन १० ची दीर्घकालीन देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली आणि सेंटओएस ७ चीही त्याच दिवशी. नोड.जेएस १८ ची मुदत ३० एप्रिल २०२५ रोजी संपली. डेबियन ११ ची दीर्घकालीन देखभाल ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. मुदत संपली म्हणून रजिस्ट्रीवरील टॅग नाहीसा होत नाही; तो पूर्वीसारखाच उतरतो, चालतो आणि कोणतीही तक्रार करत नाही, म्हणून तारखा आपणच भिंतीवर लिहून ठेवाव्या लागतात.

एका जिनिंग कारखान्यात डेबियन १० वरील इमेज पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा पॅकेजांची यादी उतरवतानाच ‘४०४’ येऊन बांधणी थांबली, कारण ती पॅकेजे नेहमीच्या ठिकाणाहून हलवून जुन्या दप्तरात टाकलेली होती. तेथील व्यवस्थापकांनी इंटरनेट कंपनीला फोन लावण्याची तयारी चालवली होती. अशा वेळी जुन्या दप्तराचा पत्ता घालून बांधणी पुढे रेटता येते, आणि अनेकजण तेच करतात. परंतु त्या दप्तरात नवे पॅच येत नाहीत, त्यामुळे ज्या कामासाठी बसलो होतो तेच राहून जाते. आम्ही दोन दिवस घालवून ती इमेज डेबियन १२ वर नेली.

आकाराविषयी थोडक्यात. अल्पाईनची इमेज अवघी काही मेगाबाइटची असते, परंतु ती ‘ग्लिबसी’ऐवजी ‘मसल’ हे सी भाषेचे वेगळे ग्रंथालय (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडचा संच) वापरते, त्यामुळे काही पायथन पॅकेजे आणि तयार ड्रायव्हर तेथे अडतात. ‘डिस्ट्रोलेस’ प्रकारात शेल आणि पॅकेज व्यवस्थापकही नसतो, म्हणून दोष दाखवायला फारसे काही उरतच नाही. मात्र काही बिघडले तर आत शिरून पाहण्याची सोयही उरत नाही. एकट्याने सर्व सांभाळणाऱ्या माणसाला मी डेबियनची स्लिम इमेजच सुचवतो. (डिस्ट्रोलेस इमेजची तारीख यादीत पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची दिसते. ती मुद्दाम १९७० ची ठेवलेली असते, घाबरू नये.)

स्कॅनरने दोनशे दोष दाखवले. सगळे दुरुस्त करायचे?

नाही, आणि तसा प्रयत्न केला तर दुसऱ्या आठवड्यात स्कॅनर बंद करून टाकाल. ट्रिव्ही किंवा ग्राइप हे स्कॅनर इमेजमधील पॅकेजांच्या आवृत्त्या सीव्हीई या जाहीर दोषांच्या यादीशी ताडून पाहतात. यादी हातात आली की प्रथम, ज्यांची दुरुस्ती अद्याप निघालेलीच नाही असे दोष बाजूला काढावेत. स्कॅनरमध्ये त्यासाठी पर्याय असतो. दोनशेचे बहुधा वीस-पंचवीस उरतात आणि त्यांतील बरेचसे नुसत्या नव्या बांधणीने जातात. जे उरतील त्यांच्या बाबतीत गंभीरतेच्या दहापैकी गुणांकापेक्षा एक साधा प्रश्न अधिक कामाचा असतो : याचा प्रत्यक्ष गैरवापर कोठे होत आहे का? अमेरिकेची सिसा ही सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशा दोषांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतील सात गुणांकाचा दोष, यादीत नसलेल्या नऊ गुणांकाच्या दोषाआधी हातावेगळा करावा.

‘आवृत्ती जुनी दिसते, म्हणजे दोष आहेच’ असे मात्र समजू नये. डेबियन आणि रेड हॅट मुख्य आवृत्ती तीच ठेवून तिच्यात फक्त दुरुस्ती घालतात आणि पॅकेजच्या आवृत्तीचे शेपूट तेवढे वाढवतात. नुसता मुख्य आकडा पाहणाऱ्या लेखापरीक्षकाला हे समजावून सांगताना पतसंस्थेतील एका लेखापालांची अर्धी दुपार गेल्याचे मला आठवते. वितरणाच्या सुरक्षा सूचनेचा कागद समोर ठेवल्यावर विषय मिटला.

आमचा प्रोग्रॅम जावामध्ये आहे. बेस इमेज बदलली की पुरे?

पुरे नाही. डिसेंबर २०२१ मधील ‘लॉग-फोर-शेल’ हा दोष, म्हणजे सीव्हीई-२०२१-४४२२८, लॉग-फोर-जे या ग्रंथालयात होता आणि ते ग्रंथालय प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जार फाइलमध्ये बांधलेले असते. बेस इमेजमधील प्रत्येक पॅकेज ताजे केले तरी त्या जारला धक्का लागत नाही. त्या महिन्यात २.१५.० ही दुरुस्ती आली, ती अपुरी निघाली म्हणून २.१६.०, नंतर २.१७.० आणि महिना संपण्यापूर्वी २.१७.१. ज्यांची बांधणी एका आज्ञेत होत होती त्यांनी ती चार वेळा केली, आणि ज्यांच्या इमेज कोणीतरी कधीतरी हाताने बनवल्या होत्या ते पहिल्याच फेरीत अडकले.

गो भाषेतील प्रोग्रॅममध्ये तर सर्व ग्रंथालये एकाच फाइलमध्ये मिसळलेली असतात. तेथे भाषेची साधने अद्ययावत करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो.

किती दिवसांनी पॅच लावावेत?

नेहमीची बांधणी आठवड्यातून एकदा, आणि प्रत्यक्ष गैरवापर चालू असलेल्या दोषासाठी त्याच दिवशी. वार आणि वेळ धंदा पाहून ठरवावी. सराफी पेढीत आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस, जिनिंगमध्ये दिवाळीनंतरची कापसाची आवक, महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस टाळावेत, हे ठीकच आहे. परंतु ‘हंगाम संपल्यावर पाहू’ म्हणत पाच महिने पुढे ढकलणेही परवडणारे नसते. सलग पाच महिन्यांचे बदल एकदम घेतले की काय मोडले हे शोधायला जास्त वेळ लागतो. हंगामात बांधणी आणि चाचणी चालू ठेवावी, फक्त प्रत्यक्ष बदल गर्दी ओसरलेल्या रात्री करावा.

मे महिन्यात वीज जाते, इंटरनेट रडते. दर आठवड्याला इतके उतरवायचे कसे?

कार्यालयातच एक छोटी रजिस्ट्री उभी करावी, जी बाहेरून एकदा उतरवून घेते आणि आतील सर्व यंत्रांना पुरवते. सर्व इमेजसाठी एकच बेस ठेवली तर तो मोठा थर एकदाच येतो. डॉकर हबवर खाते न वापरता उतरवणाऱ्यांसाठी आयपी पत्त्यामागे मर्यादा असते, त्यामुळे एकाच जोडणीवर दहा यंत्रे असलेल्या महाविद्यालयाला ती लवकर लागते. स्थानिक रजिस्ट्रीने तोही प्रश्न सुटतो.

नवी इमेज चालली नाही तर मागे कसे यायचे?

जुना टॅग पुसू नये आणि ‘प्रून’ची, म्हणजे न वापरलेल्या इमेज पुसण्याची, आज्ञा त्याच रात्री देऊ नये, मग मागे येणे एका ओळीचे काम आहे. अपवाद डेटाबेसचा. पोस्टग्रेस या डेटाबेसची किरकोळ आवृत्ती, म्हणजे १६.२ वरून १६.३, निर्धास्तपणे घेता येते. मुख्य आवृत्ती, १५ वरून १६, घेतली तर जुन्या माहितीच्या फोल्डरवर नवा सर्व्हर उभाच राहत नाही. ते स्थलांतर वेगळे काम आहे. ते पॅचच्या रात्री अंगावर घेऊ नये.

इतक्या घाईत नवे घेणेच धोक्याचे नाही का?

शंका रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दुरून सर्व्हरवर) आत येताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले आणि त्यातून सारे बाहेर आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचलेच नव्हते. चाचणी शाखा वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचले होते. म्हणून सुरक्षा पॅच लवकर घ्यावेत, पण स्थिर शाखेतून. नवीन वैशिष्ट्यांच्या आवृत्त्या थांबून घेतल्या तरी कोणाचे अडत नाही.

इमेज बाहेरच्या विक्रेत्याकडून येते. आमच्या हातात काय आहे?

करारात लिहून घेणे. बेस इमेज कोणती, तिची मुदत कधी संपते, गंभीर दोषावर किती दिवसांत नवी इमेज मिळेल आणि प्रत्येक इमेजसोबत घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मिळेल का, एवढे चार मुद्दे पुरतात. विक्रेता कानावर घेत नसेल तर स्वतः स्कॅन करून निकाल त्याला ईमेलने पाठवावा. फोनवर सांगितलेले हवेत विरते. त्याच्या इमेजवर आपला थर चढवून पॅकेजे अपग्रेड करता येतात, पण पुढे काही मोडले तर तो हात वर करेल हे धरून चालावे.

घुसखोरी झालीच तर कळवावे लागते का?

होय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. कंटेनर काढला की त्याचे लॉगही जातात, म्हणून ते सर्व्हरवर वेगळ्या जागी साठवावेत. अन्यथा पॅच लावण्याच्या निमित्ताने आपणच दर आठवड्याला पुरावा पुसत असतो.

हे सर्व वाचून दडपण आले. आज एकच गोष्ट करायची तर कोणती?

चालू कंटेनरची यादी काढावी. प्रत्येकाची इमेज, तिची बांधणीची तारीख, बेसचे नाव आणि ती कोणी बांधली, हे एका कागदावर लिहावे. ज्या ओळीत ‘कोणी बांधली’ हा रकाना रिकामा राहील, त्या इमेजची डॉकरफाईल शोधण्यापासून उद्याचे काम सुरू करावे.